बोट कोणासाठी थांबत नाही
(हैदराबादहून मार्मगोवा बंदर कसे गाठावे?)

– बी. कॉम., द्वितीय वर्ष, मराठी विभाग

आपले हैदराबाद शहर तलावांचे आहे, समुद्राचे नाही. हुसेनसागराच्या नावात सागर असला तरी त्यातून कोणतेही जहाज परगावी जात नाही. समुद्र पाहायचा तर पूर्वेला मच्छलीपट्टणम-विशाखापट्टणमकडे किंवा पश्चिमेला मुंबई-गोव्याकडे शेकडो किलोमीटर जावे लागते. त्यामुळे मलकपेठ, काचीगुडा, सुलतान बाजार या भागांतील मराठी घरांत पंढरपूर, तुळजापूर, नांदेड, पुणे येथील गाड्यांची वेळापत्रके तोंडपाठ असतात, पण बोटीचा प्रवास म्हटला की सगळेच नवखे. अलीकडे मात्र हौशी कुटुंबे पर्यटनाच्या जहाजाची तिकिटे काढू लागली आहेत. तिकीट काढून झाल्यावर प्रश्न पडतो, बंदरापर्यंत जायचे कसे? विमानाने, रेल्वेने, बसने की मोटारीने? या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा थोडा हिशेबी विचार करावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. उदाहरण म्हणून गोव्यातील मार्मगोवा बंदर घेतले आहे, कारण आपल्या शहरातून तेथे जाण्याचे मार्ग अनेक आहेत आणि फसण्याच्या जागाही तितक्याच आहेत.

समुद्राची जुनी ओढ

हैदराबादला मार्मगोव्याची ओढ आजची नाही. निजामाचे राज्य विस्ताराने मोठे, पण चहूबाजूंनी जमिनीने वेढलेले होते. स्वतःचे बंदर नसलेल्या राज्याला बाहेरचा माल आणायचा तर दुसऱ्याच्या दारातून आणावा लागतो, ही अडचण निजाम सरकारला सतत जाणवत असे. १९४७ च्या सुमारास, इंग्रज जाण्याच्या धामधुमीत, गोवा तेव्हा पोर्तुगीजांकडे असताना, मार्मगोव्याच्या बंदराची सोय आपल्याला मिळावी म्हणून निजामाच्या बाजूने प्रयत्न झाले. त्यातून निष्पन्न काही झाले नाही. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन हैदराबाद भारतात विलीन झाले आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवाही मुक्त झाला. जे बंदर निजामाला वाटाघाटी करून मिळाले नाही, तेथे आज मलकपेठचा सामान्य नागरिक रेल्वेचे तिकीट काढून जाऊ शकतो!

मराठी माणसाला तर कोकणच्या आगबोटींची परंपरा आहेच. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या बोटी रत्नागिरी, मालवण करीत पणजीला जात. कित्येक ठिकाणी बोट खोल पाण्यात उभी राही आणि उतारूंना पडावातून किनाऱ्यावर न्यावे लागे. त्या बोटी गरजेच्या होत्या. चाकरमानी तिने गावी जात असे. रस्ते सुधारले, कोकण रेल्वे झाली आणि ती गरज संपली. आताची जहाजे हौसेची आहेत. ऑक्टोबर २०१८ मध्ये ‘आंग्रिया’ नावाचे जहाज मुंबई ते मार्मगोवा सुरू झाले. नावातच सरखेल कान्होजी आंग्रे यांची आठवण होती. ती फेरी पुढे बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे ‘एम्प्रेस’ हे जहाज मुंबईहून फेऱ्या करू लागले. १९९० साली बांधलेले हे जहाज सुमारे अठ्ठेचाळीस हजार टनांचे असून त्यात अठराशेहून अधिक प्रवासी मावतात. अशा जहाजांच्या काही फेऱ्यांत मार्मगोव्याहून चढून मुंबईला उतरण्याची सोय ठेवलेली असते. हा प्रवास लहान, म्हणून खर्चही आटोक्यातला. मध्यमवर्गीय कुटुंबाचे लक्ष अशा फेरीकडे जावे, हे स्वाभाविकच आहे.

‘गोवा’ म्हणजे नेमके कोठे?

पहिली गफलत येथेच होते. आपण म्हणतो, “बोट गोव्याहून सुटते.” पण गोवा हे एक गाव नव्हे. पणजी मांडवी नदीच्या काठी आहे. तेथील सांता मोनिका धक्क्यावरून सुटतात त्या नदीतील संध्याकाळच्या सहली. मोठे जहाज तेथे येत नाही. ते लागते मार्मगोव्याला, म्हणजे झुआरी नदीच्या मुखाशी, दक्षिण तीरावरील भूशिराच्या आडोशाला असलेल्या बंदरात. त्याला लागून असलेले शहर वास्को-द-गामा. पणजीहून वास्को सुमारे तीस किलोमीटर, मडगावहूनही तेवढेच. म्हणजे पणजीला उतरलेल्याने “आता काय, पोचलोच!” असे म्हणू नये.

दुसरी गफलत विमानतळाची. गोव्यात आज दोन विमानतळ आहेत. एक दाभोळीचा. हा वास्कोला अगदी लागून आहे आणि नौदलाच्या ‘हंस’ तळावर आहे. दुसरा पेडणे तालुक्यातील मोपा येथील मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळ, जेथून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. दाभोळीहून मार्मगोव्याचे बंदर दहा किलोमीटरच्या आत आहे, तर मोपाहून ते साठ किलोमीटरांहून अधिक दूर आहे. मोपा गोव्याच्या उत्तर टोकाला, महाराष्ट्राच्या सीमेजवळ आहे. तेथून मांडवी आणि झुआरी या दोन्ही नद्या ओलांडून खाली यावे लागते. तिकिटावर दोहोंनाही ‘गोवा’च लिहिलेले असते, फक्त संकेताक्षरे निराळी असतात. दाभोळीचे जी.ओ.आय. आणि मोपाचे जी.ओ.एक्स. मोपाचे तिकीट पाचशे रुपयांनी स्वस्त दिसले म्हणून घ्यावे आणि पुढे टॅक्सीला त्याच्या कितीतरी पट मोजावे, म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला!

तेव्हा पहिला नियम असा करावा की तिकीट ‘गोव्याचे’ काढू नये, ‘मार्मगोव्याचे’ काढावे. म्हणजे प्रत्येक मार्गाचा हिशेब बंदराच्या फाटकापर्यंत करावा, विमानतळापर्यंत किंवा बसस्थानकापर्यंत नव्हे. हत्ती गेला आणि शेपूट राहिले अशी आपल्याकडे म्हण आहे. बंदराच्या प्रवासात ते शेपूटच सर्वांत महागात पडते.

जहाज का थांबत नाही?

बस चुकली तर दुसरी मिळते. विमान चुकले तर पैसे जातात, पण संध्याकाळी दुसरे असते. जहाजाचे तसे नाही. काहींना वाटते, “अठराशे माणसे नेणारी बोट, आमच्या पाच जणांसाठी दहा मिनिटे थांबली तर काय बिघडले?” वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला याचे उत्तर चटकन समजावे, कारण ते जमाखर्चाचे उत्तर आहे.

जहाज धक्क्याला उभे असते तोपर्यंत बंदर त्याच्याकडून भाडे घेते, आणि हे भाडे जहाजाच्या टनांवर व वेळेवर आकारले जाते. बंदरातून बाहेर पडताना बंदराचा वाटाड्या, म्हणजे पायलट, जहाजावर चढतो आणि ओढबोटी जहाजाला धक्क्यापासून दूर करतात. हे सारे ठरलेल्या वेळेसाठी मागवलेले असते. पुढच्या बंदरातील धक्काही ठरावीक वेळेला राखून ठेवलेला असतो. येथे एक तास गेला तर तो भरून काढण्यासाठी समुद्रात वेग वाढवावा लागतो आणि वेग वाढला की इंधन फार जळते. म्हणून पाच प्रवाशांसाठी थांबण्यापेक्षा त्यांना सोडून जाणे जहाजाला स्वस्त पडते. यात निर्दयपणा नाही, हिशेब आहे.

शिवाय, ‘जहाज सुटण्याची वेळ’ आणि ‘आपली वेळ’ या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. प्रवाशांची नोंदणी जहाज सुटण्याच्या बऱ्याच आधी बंद होते, कारण चढलेल्या माणसांची अंतिम यादी अधिकाऱ्यांना द्यावी लागते. बंदराच्या फाटकावर औद्योगिक सुरक्षा दलाचा पहारा असतो. परवान्याशिवाय खाजगी गाडी आत सोडत नाहीत. सामानाची तपासणी, ओळखपत्र पाहणे, खोलीची किल्ली घेणे हे सारे त्यानंतर. म्हणून आपल्या वहीत लिहावयाची वेळ जहाज सुटण्याची नसून नोंदणी बंद होण्याची असावी, आणि तिच्याही दोन तास आधी फाटकावर पोचण्याचे ठरवावे. येथून पुढे या वेळेलाच आपण ‘फाटकाची वेळ’ म्हणू.

चार मार्ग

आता मलकपेठहून निघणाऱ्या माणसाचे चार मार्ग पाहू. भाडी रोज बदलतात, म्हणून येथे भाड्यांचे आकडे देत नाही. वेळ आणि भरवसा यांचा विचार मात्र फारसा बदलत नाही.

(१) विमान – शमशाबादचा विमानतळ मलकपेठहून पंचवीस किलोमीटरच्या आसपास आहे. २००८ सालापर्यंत विमानतळ बेगमपेठला, म्हणजे शहरातच होता. आता आर.टी.सी.च्या पुष्पक गाडीने किंवा टॅक्सीने शहराबाहेर जावे लागते. प्रत्यक्ष उड्डाण सव्वा तासाच्या जवळपास. पण घरातून निघणे, दोन तास आधी पोचणे, उतरल्यावर सामान घेणे आणि पुढची टॅक्सी हे सारे धरले तर दाभोळीमार्गे सहा तास आणि मोपामार्गे साडेसात ते आठ तास होतात. तरीही हा सर्वांत झटपट मार्ग आहे, याबद्दल वाद नाही.

पण झटपट म्हणजे भरवशाचा नव्हे. थंडीत धुक्यामुळे विमाने उशिरा सुटतात. एका ठिकाणचा उशीर दिवसभर पुढे सरकत जातो, कारण तेच विमान चार गावे फिरून आपल्याकडे येणार असते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाल्यावर देशभर हजारो उड्डाणे रद्द झाली. हैदराबादच्या विमानतळावरही लोक ताटकळत बसले. विमान रद्द झाले तर विमान कंपनी विमानाच्या तिकिटाचे पैसे परत करते किंवा दुसऱ्या विमानात बसवते. चुकलेल्या जहाजाचे पैसे ती देत नाही, कारण जहाजाचे तिकीट तिने विकलेले नसते. दोन निरनिराळ्या कंपन्यांची तिकिटे आपण जोडली की जोडावरची जोखीम आपली होते, हे विसरता कामा नये.

(२) रेल्वे – हा मार्ग आपल्यासाठी नवा आहे आणि पुष्कळांना अजून ठाऊक नाही. पूर्वी सिकंदराबादहून गोव्याकडे जाणारे काही डबे गुंतकलला दुसऱ्या गाडीला जोडून पाठवीत. ऑक्टोबर २०२४ पासून सिकंदराबाद–वास्को-द-गामा ही आठवड्यातून दोनदा धावणारी थेट गाडी सुरू झाली. सुरुवातीच्या वेळापत्रकाप्रमाणे ती बुधवारी आणि शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमारास सिकंदराबाद सोडते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सहाच्या आत वास्कोला पोचते. मलकपेठकरांसाठी सोयीची गोष्ट म्हणजे ती काचीगुड्याला थांबते. सिकंदराबादपर्यंत सामान ओढत जायला नको. काचीगुडा आपल्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर.

ही गाडी महबूबनगर, गदवाल, कर्नूल, गुंतकल करून बळ्ळारी, होसपेटे, कोप्पळ, गदग, हुबळी, धारवाड, लोंढा या मार्गाने जाते. म्हणजे प्रवासाचा बराच मोठा भाग कर्नाटकातला. आपल्या मासिकाच्या कन्नड विभागातील मित्रांना सोबत घ्यावे असा हा प्रवास आहे! आपल्यापैकी ज्यांना दोन्ही भाषा येतात त्यांना फलाटावर चौकशी करताना त्याचा उपयोग होईल. कॅसलरॉकनंतर गाडी सह्याद्रीचा घाट उतरते. १८८८ साली पोर्तुगीज काळात हाच मार्ग मार्मगोव्याच्या बंदरासाठी बांधून पुरा झाला. म्हणजे बंदर आणि ही रेल्वे यांचा जन्म जोडीचा. घाटाचा उतार काही ठिकाणी सदतीस फुटांस एक फूट इतका तीव्र आहे, त्यामुळे चढताना मागून जादा एंजिने लावतात. जाताना घाट रात्री येतो, तेव्हा दूधसागरचा धबधबा दिसेल या आशेने कोणी जागत बसू नये.

वीस तासांचा प्रवास ऐकून काहीजण नाक मुरडतील. पण वास्कोच्या स्टेशनपासून बंदर चारपाच किलोमीटरच्या आत आहे. स्वतःची मोटार सोडली तर बंदराच्या अगदी जवळ नेऊन सोडणारा मार्ग हाच. शिवाय गाडी चारपाच तास उशिरा आली तरी संध्याकाळचे जहाज मिळू शकते. उणीव एवढीच की गाडी रोज नाही. जहाज मंगळवारी असेल तर शनिवारी पोचून तीन रात्री काढाव्या लागतील, आणि मग हा मार्ग स्वस्त राहात नाही. तसेच घाटात अडथळा आला तर पर्यायी रस्ता लांबचा असतो. ऑगस्ट २०२४ मध्ये घाटात मालगाडी घसरली तेव्हा अनेक गाड्या रद्द कराव्या लागल्या, काही वळवाव्या लागल्या. सुदैवाने पश्चिम किनाऱ्यावर पर्यटनाच्या जहाजांचा मुख्य हंगाम पावसाळ्यानंतरचा असतो, आणि घाटातील दरडींचा काळ पावसाळ्यातला.

(३) बस – हैदराबादहून गोव्याला रात्रभर चालणाऱ्या शयनयान बसगाड्या आहेत. अंतर साडेसहाशे ते सातशे किलोमीटर, वेळ चौदा-पंधरा तास. रोज मिळतात ही मोठी सोय. पण बहुतेक गाड्या म्हापसा, पणजी किंवा मडगावला जातात. तेथून वास्कोला कदंबच्या बसने किंवा टॅक्सीने आणखी तासभर. तरुणांच्या टोळीला हा मार्ग ठीक आहे. गुडघ्याचे दुखणे असलेल्या आजीला वरच्या शयिकेवर चढवून पंधरा तास नेणे मात्र बरे नव्हे.

(४) स्वतःची मोटार – घरापासून फाटकापर्यंत सामान उतरवावे लागत नाही, हा फायदा. पण फेरी मार्मगोव्याहून मुंबईला जाणारी असेल तर मुंबईला उतरल्यावर ध्यानात येते की मोटार गोव्यातच राहिली! तेव्हा जहाज जेथून निघाले तेथेच परत येणार असेल तरच या मार्गाचा विचार करावा.

शेवटच्या टप्प्याबद्दल दोन शब्द. हैदराबादेत मोबाइलवर बोट ठेवले की टॅक्सी दारात येते. गोव्यात ती तितक्याच सहज मिळेल असे समजू नये. विमानतळावर आगाऊ पैसे भरून टॅक्सी मिळण्याची सोय असते, तीच धरावी. एकटा माणूस आणि एकच पिशवी असेल तर गोव्याची खास मोटारसायकल-टॅक्सी आहे. तिच्या चालकालाही तेथे पायलटच म्हणतात. म्हणजे एक पायलट आपल्याला फाटकापर्यंत सोडतो आणि दुसरा जहाजाला बंदराबाहेर काढतो!

थोडे अंकगणित

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. मार्ग निवडताना आपण भाड्यांची तुलना करतो आणि जे कमी ते घेतो. पण भाडे हा खर्चाचा एकच भाग आहे. दुसरा भाग दिसत नाही, तो म्हणजे जहाज चुकण्याची जोखीम.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, आई, वडील, आजी आणि दोन मुले अशा पाच जणांची जहाजाची तिकिटे एक लाख रुपयांची आहेत. उशिरा येणाऱ्याला पैसे परत नाहीत, अशी अट सामान्यतः असतेच. त्यांच्यापुढे दोन पर्याय आहेत. पहिला, जहाजाच्या दिवशीच सकाळच्या विमानाने जाणे. दुसरा, आदल्या दिवशी पोचून वास्कोत एक रात्र राहणे. दुसऱ्या पर्यायात राहण्या-जेवणाचा जादा खर्च चार हजार रुपये येतो असे धरू.

वडील म्हणतात, “चार हजार उगाच कशाला घालवायचे?” आता समजा की त्याच दिवशी निघाल्यास जहाज चुकण्याची शक्यता वीसांत एक आहे. एक लाखाचा विसावा हिस्सा पाच हजार. म्हणजे चार हजार वाचवण्यासाठी आपण पाच हजारांची जोखीम अंगावर घेतली. शक्यता पंचवीसांत एक असेल तर जोखीम बरोबर चार हजारांची होते आणि दोन्ही पर्याय समसमान ठरतात. पन्नासांत एक असेल तर जोखीम दोन हजारांची, मग कागदावर वडिलांचे म्हणणे खरे ठरते.

पण हे फक्त कागदावर. सरासरीचा नियम जो हजार वेळा व्यवहार करतो त्याला लागू पडतो. विमा कंपनी हजारो माणसांचा विमा उतरवते, म्हणून तिला सरासरी पुरते. एका कुटुंबाला तसे नाही. आजी आयुष्यात एकदाच जहाजावर चढणार आहे. तिच्या वाट्याला पन्नासावा हिस्सा येत नाही. एक तर सगळा प्रवास येतो, नाही तर काहीच येत नाही. जहाज चुकले तर विमानाचे भाडे गेले, जहाजाचे गेले आणि वर वास्कोच्या धक्क्यावरून परतीचे भाडे. तेल गेले, तूप गेले, हाती धुपाटणे आले! म्हणून मधली एक रात्र हा उधळेपणा मानू नये. तो विम्याचा हप्ता आहे. काही घडले नाही तर हप्ता फुकट गेला असे आपण म्हणत नाही. तसेच येथेही म्हणू नये.

याच हिशेबाचा दुसरा भाग बुडीत खर्चाचा. एकदा जहाजाचे तिकीट काढले की ते पैसे गेले. आता “एवढे महाग तिकीट घेतले, निदान बंदरापर्यंत तरी काटकसर करू” असा विचार मनात येतो. तो उलटा आहे. तिकीट जितके महाग, तितका बंदरापर्यंतचा मार्ग भरवशाचा हवा. कुलपाची किंमत पेटीतील ऐवज पाहून ठरते, तसेच हे आहे.

प्रत्यक्ष योजना कशी करावी?

योजना नेहमी शेवटाकडून सुरू करावी. प्रथम फाटकाची वेळ लिहावी. मग तिच्या मागे एक सबंध रात्र सोडावी. मग त्या रात्रीपूर्वी वास्कोला पोचवणारी साधने कोणती, ते वार पाहून ठरवावे. जहाज रविवारी असेल तर शुक्रवारची काचीगुड्याची गाडी उत्तम. शनिवारी पहाटे वास्को, दिवसभर विश्रांती, बायणाचा समुद्रकिनारा पाहून यावा, रविवारी निवांत बंदर. जहाज शनिवारी संध्याकाळी असेल तरी तीच गाडी चालेल, कारण मध्ये सकाळपासूनचा अवधी आहे. पण लहान मुले आणि वृद्ध सोबत असतील तर इतकी ओढाताण करू नये. जहाज सोमवार ते बुधवारच्या दरम्यान असेल तर रेल्वेचा नाद सोडून आदल्या दिवशीच्या दाभोळीच्या विमानाचा विचार करावा. ते महाग वाटल्यास आदल्या रात्रीच्या आदल्या रात्री निघणारी बस घ्यावी. वेळापत्रके बदलतात, म्हणून वार व वेळा निघण्यापूर्वी पुन्हा ताडून पाहाव्यात.

एक प्रश्न मात्र तिकीट काढण्यापूर्वीच विचारला पाहिजे, तो असा की मार्मगोव्याहूनच का चढायचे? मुंबईचे जहाज बॅलार्ड पिअरजवळ लागते. तेथे सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्‍घाटन झाले. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून ते फार तर दोनेक किलोमीटरवर आहे आणि हैदराबादहून हुसेनसागर एक्सप्रेस रोज तेथे जाते. ज्यांना रेल्वेचा वार जुळत नाही, त्यांना मुंबईहून चढणेच सोपे. मार्मगोवा निवडायचे ते प्रवास लहान हवा असेल आणि वार जुळत असेल तर. विमानाने मुंबईला जाणाऱ्यांनी तेथेही आता दोन विमानतळ आहेत हे लक्षात ठेवावे. डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईहूनही विमाने सुरू झाली आहेत.

परतीच्या प्रवासाला मात्र वरचे सारे नियम उलटे लावावेत. मुंबईला उतरल्यावर आपल्याला कोणतेही जहाज गाठायचे नसते. येथे उशीर झाला तर फार तर घरी उशिरा पोचू. म्हणून जाताना पैसे भरवशावर खर्च करावेत आणि येताना काटकसर करावी. रात्रीची हुसेनसागर पुणे, सोलापूर, गुलबर्गा, वाडी करीत दुसऱ्या दिवशी नामपल्लीला आणून सोडते. नांदेडकडे नातेवाईक असतील त्यांनी देवगिरी घ्यावी. दोन दिवस मराठवाड्यात काढून हैदराबादला यावे. बहुतेक लोक नेमके उलटे करतात. जाताना स्वस्त पाहतात आणि येताना थकल्यामुळे विमान घेतात.

समारोप

वाणिज्य शाखेत आपण नफा, तोटा, जोखीम, विमा हे शब्द परीक्षेपुरते पाठ करतो. पण घरातील एखादा बेत आखताना ते शब्द आठवत नाहीत. आपल्या घरांतून आज प्रवासाची तिकिटे बहुधा आपणच, म्हणजे कॉलेजात शिकणारी मुलेच, मोबाइलवर काढतो. आईवडील विश्वासाने पैसे हाती देतात. कोणता विमानतळ, कोणता वार, कोणते स्टेशन हे त्यांनी विचारलेले नसते. ते विचारणे आपले काम आहे. ज्या आजीने आयुष्यभर पंढरपूरच्या गाडीपलीकडे प्रवास केला नाही, तिला समुद्र दाखवण्याचा बेत पाचशे रुपयांच्या फरकासाठी फसू नये.

वाचकहो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. हिशेब बंदराच्या फाटकापर्यंत करावा, घड्याळ जहाजाचे नव्हे तर नोंदणीचे धरावे, आणि मधली एक रात्र विमा समजून सोडावी. मग तुम्ही विमानाने जा की काचीगुड्याच्या गाडीने, संध्याकाळी जहाजाचा भोंगा वाजेल तेव्हा तुम्ही धक्क्यावर नसाल, जहाजाच्या कठड्याशी उभे असाल.